दंडाचा घेर आणि कोपराचे भान

दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या परतवाड्याच्या चिकित्सालयात येणारा कृश तरुण ‘अंगाला मांस लागत नाही’ एवढीच तक्रार सांगत असे. आता तो अधिक नेमके बोलतो. ‘डॉक्टरसाहेब, दंडाचा मागचा भाग भरत नाही, काही चूर्ण द्या’ असे म्हणून तो बाही वर करून दाखवतो. कोणी पोलीस भरतीच्या गोळाफेकीची तयारी करीत असतो, कोणी लाकडाच्या वखारीत दिवसभर ओंडके हलवून संध्याकाळी व्यायामशाळेत जातो, तर कोणाच्या घरी लग्नाची तारीख निघालेली असते. आपल्यापैकी बहुतेक जण अशा वेळी अश्वगंधा, शतावरी, एखादा पाक लिहून देतात आणि व्यायाम कोणता करतोस, हा प्रश्न व्यायामशाळेतल्या शिक्षकावर सोडतात. आम्हीही वर्षानुवर्षे तेच केले. तसे करणे चुकीचे होते, हे आम्हांला एका रुग्णाने शिकवले. त्याची हकीगत पुढे येईल. व्यायाम हा दिनचर्येतील विषय आहे, त्याची मात्रा, काल आणि निषेध आपल्या संहितांनी सांगितलेले आहेत. म्हणून व्यायामाची निवड हे वैद्याचेच काम आहे, असे आमचे नम्र मत आहे.

प्रथम एक शब्दांचा गोंधळ दूर केला पाहिजे. मराठी बोलीत आणि शालेय पुस्तकांत ‘स्नायू’ म्हणजे मांसल भाग. सुश्रुताचार्यांच्या शारीरस्थानात मात्र मांसाच्या विभागांना ‘पेशी’ म्हटले आहे, त्यांची संख्या पाचशे सांगितली आहे. आणि ‘स्नायू’ म्हणजे बंधन करणारा, फळ्या आवळून नाव तयार करावी तसा सांधे बांधून ठेवणारा चिवट घटक. त्यांची संख्या नऊशे. रुग्ण ‘स्नायू दुखतो’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात पेशी असते, आपल्या मनात कधी पेशी तर कधी स्नायू. ट्रायसेप्सच्या बाबतीत हा फरक केवळ पांडित्याचा राहत नाही. व्यायामाने पेशी काही आठवड्यांत पुष्ट होऊ लागते, पण ती जिच्या आधारे हाडाला जोडलेली असते ती दोरी, म्हणजे आपल्या परिभाषेतील स्नायू, पुष्कळ सावकाश बळकट होते. पेशी पुढे गेली आणि स्नायू मागे राहिला, तर अपघात तेथेच होतो. अस्थी, पेशी, सिरा किंवा संधी यांच्या आघातापेक्षा स्नायूचा आघात अधिक घातक, असे सुश्रुताचार्यांनी आवर्जून म्हटले आहे, त्याची येथे आठवण ठेवावी.

रचना

ट्रायसेप्स, म्हणजे त्रिशिरस्का पेशी, दंडाच्या मागील बाजूस असते. दंडातील एकूण मांसाचा निम्म्याहून अधिक भाग हिचाच असतो. पुढच्या बायसेप्सवरच मेहनत घेणाऱ्या मुलांना ही गोष्ट सांगितली की त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होतो. नावाप्रमाणे हिला तीन शिरे आहेत. लांब शिर अंसफलकापासून, खांद्याच्या खोबणीच्या खालून निघते. बाहेरचे आणि आतले शिर दंडाच्या हाडाच्या मागील पृष्ठावरून निघते. तिन्ही एकत्र येऊन कोपराच्या टोकावर एकाच जाड कंडरेने चिकटतात. काम एकच, कोपर सरळ करणे. परंतु लांब शिर खांद्याचा सांधाही ओलांडून जात असल्यामुळे हात कोठे धरला आहे यावर त्याचा ताण ठरतो. हात शरीराजवळ खाली असेल तर लांब शिर सैल राहते. हात डोक्यावर नेऊन कोपर वाकवले तर ते पुरेपूर ताणले जाते. व्यायामाची निवड बहुतांशी या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

याच प्रदेशात कूर्पर मर्म आहे. ते संधिमर्म असून वैकल्यकर आहे, त्याच्या आघाताने हात वाकडा किंवा आखडलेला राहतो. त्याच्या वर तीन अंगुळांवर आणि मर्म आहे; ते स्नायुमर्म, आणि आघाताने शोथ वाढतो व बाहू स्तब्ध होतो. त्रिशिरस्केची कंडरा नेमकी याच भागातून खाली उतरते. कोपराच्या आतल्या बाजूने, हाडाच्या खाचेतून, करंगळीकडे जाणारी नाडी (अल्नर नर्व्ह) जाते. कोपर पूर्ण दुमडले की ती ताणली जाते. वजन डोक्यामागे नेताना करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येत असतील तर दोष पेशीचा नाही, या नाडीचा आहे, आणि तो व्यायाम त्या माणसाने तेवढ्या खोलीपर्यंत करू नये.

जोडी आणि दंड

या पेशीसाठी परदेशी यंत्रेच हवीत, अशी समजूत आमच्या भागात रुजली आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची व व्यायामांची प्रात्यक्षिके करून दाखवली. ज्या जिल्ह्यातून ही माणसे बर्लिनला गेली, त्याच जिल्ह्यातील मुलगा आज मुद्गल म्हणजे काय असे विचारतो, तेव्हा वाईट वाटते. पण हा नुसता अभिमानाचा विषय नाही. यामागे शरीररचनेचे कारण आहे.

मुद्गल किंवा जोडी फिरवताना काय घडते ते पाहावे. कोपर वर, कानाच्या जवळ येते. मुद्गल पाठीमागे लोंबते. कोपर पूर्ण वाकलेले असते. आणि तेथून मुद्गल उचलून पुन्हा खांद्यावरून पुढे येते. म्हणजे लांब शिर ताणलेल्या अवस्थेतच भार घेते. आधुनिक व्यायामशाळेत दोन्ही हातांत एक डंबेल धरून डोक्यामागे खाली-वर करण्याचा जो व्यायाम आहे, त्याच्याशी याचे जवळचे नाते आहे. जपानी संशोधक मायेओ आणि सहकाऱ्यांनी या बाबतीत एक चांगला प्रयोग केला. एकाच व्यक्तीच्या एका हाताला डोक्यावर नेऊन आणि दुसऱ्या हाताला शरीराजवळ खाली ठेवून कोपर सरळ करण्याचा व्यायाम १२ आठवडे दिला. डोक्यावर नेलेल्या हाताची त्रिशिरस्का पेशी अधिक वाढली, आणि विशेष म्हणजे त्या हातात वजन कमी वापरावे लागले होते. हा निबंध २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ताणलेल्या अवस्थेत काम केले की कमी वजनात अधिक पोषण होते, हे त्यावरून दिसते. आणि कमी वजन म्हणजे कोपरावर कमी धोका. ज्याला फक्त आकार वाढवायचा आहे त्याने जड वजनाचा हट्ट का धरावा, हे आम्हांला समजत नाही.

अर्थात मुद्गलाचे गुणगान करताना त्याचा निषेधही सांगितला पाहिजे. ज्याचा खांदा पूर्वी निखळला आहे, ज्याला अवबाहुकाची लक्षणे आहेत, ज्याचा हात कानापर्यंत विनावेदना जात नाही, त्याने जोडीला हात लावू नये. नवशिक्याने दीड-दोन किलोचे एकेक मुद्गल घ्यावे, एका वेळी एकाच हाताने फिरवावे, आणि फिरकीचा वेग मुद्गल ठरवीत आहे की आपण, याकडे लक्ष ठेवावे. वेग मुद्गलाच्या हाती गेला की कंडरेला झटका बसतो.

दुसरा आपला व्यायाम म्हणजे दंड. (मराठीत बाहूच्या वरच्या भागालाही दंड म्हणतात आणि या व्यायामालाही, हा योगायोग आम्हांला नेहमी गंमतीचा वाटतो.) परंपरागत दंडात शरीर पुढे झोकून खालून वर काढले जाते, त्यात खांदा, पाठ आणि कंबर यांचाही मोठा वाटा असतो. केवळ त्रिशिरस्केवर काम हवे असेल तर शरीर फळीसारखे सरळ ठेवून केलेला सपाट दंड, तोही हात जवळ आणून, अधिक उपयोगी. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज या संस्थेने २०११ मध्ये आठ व्यायामांत पेशीची विद्युत्क्रिया मोजवून घेतली. अंगठे व तर्जन्या जुळवून त्रिकोण करून केलेले दंड त्यात सर्वांत वर आले. यंत्राचा दोर खाली ओढणे आणि बारबेलचे व्यायाम मागे राहिले. अभ्यास अवघ्या १५ स्त्रियांवर होता आणि विद्युत्क्रिया म्हणजे वाढ नव्हे, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभी करू नये. तरीही, शून्य रुपये खर्चाचा व्यायाम हजारो रुपयांच्या यंत्राच्या बरोबरीचा किंवा वरचढ ठरू शकतो, एवढे त्यातून निश्चित कळते. अगदी त्रिकोण केल्यास काहींच्या मनगटावर ताण येतो. त्यांनी दोन हातांत एका मुठीचे अंतर ठेवावे. ज्याला जमिनीवर दहा दंड निघत नाहीत त्याने ओट्यावर हात टेकून सुरुवात करावी. स्थूल व्यक्ती, बाळंतपणानंतर चार-सहा महिन्यांनी बळ कमावू पाहणारी स्त्री, साठीतला गृहस्थ, या सर्वांना ओट्यावरचा दंड मानवतो.

व्यायामशाळेतील इतर प्रकारांविषयी थोडक्यात सांगतो. दोर खाली ओढण्याचे यंत्र कोपराला सौम्य आहे, नवशिक्याला आणि दुखापतीनंतर परत येणाऱ्याला चांगले. आडवे पडून बारबेल कपाळाकडे आणण्याचा प्रकार अनेकांच्या कोपराला सोसत नाही. करायचाच तर वजन कपाळाऐवजी डोक्याच्या मागे नेऊन, हलके ठेवून करावा. बाकावर मागे हात टेकून शरीर खाली सोडण्याचा प्रकार (डिप्स) पेशीवर काम करतो खरा, पण दंड पाठीमागे गेल्याने खांद्याच्या पुढच्या बंधनांवर ताण येतो. आमच्या चिकित्सालयात खांदेदुखी घेऊन आलेल्या व्यायामपटूंना आम्ही पहिला प्रश्न याच व्यायामाचा विचारतो. बंद करता आला तर करावा, नाहीतर दंड जमिनीला समांतर होण्यापूर्वीच वर यावे. जवळ हात धरून केलेला बेंच प्रेस बळासाठी उत्तम, परंतु तो एकट्याने, मदतीस कोणी नसताना करू नये.

मात्रा

व्यायामाची मात्रा अर्धशक्ती. वाग्भटाचार्यांनी हे प्रमाण बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्यासाठी, तेही शीतकाळी व वसंतात सांगितले आहे. इतर ऋतूंत त्याहून कमी. वऱ्हाडातला एप्रिल-मे ज्यांनी अनुभवला आहे त्यांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना दुपारी चारला पत्र्याखालच्या व्यायामशाळेत घाम गाळणे म्हणजे ग्रीष्मचर्येची थट्टा आहे. अर्धशक्ती ओळखण्याची खूणही शास्त्राने दिली आहे. श्वास तोंडावाटे येऊ लागणे, तोंड कोरडे पडणे, कपाळ, नाक, काख व सांधे यांवर घाम येणे, हे झाले की थांबावे. आधुनिक शिक्षक सांगतात की प्रत्येक फेरीत आणखी दोन-तीन वेळा उचलता आले असते अशा टप्प्यावर थांबावे. दोन्ही मोजमापे एकच नाहीत. शास्त्रातील खूण संपूर्ण शरीराच्या श्रमाची आहे, दुसरी एका पेशीच्या थकव्याची. आम्ही दोन्ही वापरतो. फेरी थांबवण्यासाठी दुसरी, दिवसाचा व्यायाम थांबवण्यासाठी पहिली.

सामान्य निरोगी तरुणाला आम्ही आठवड्यातून दोन दिवस सांगतो, मध्ये किमान ४८ तास. प्रत्येक दिवशी दोन व्यायाम, एक हात डोक्यावर नेऊन करण्याचा आणि एक ढकलण्याचा. प्रत्येकाच्या तीन फेऱ्या, फेरीत १० ते १५ आवर्तने. सर्व आवर्तने स्वच्छ निघू लागली की मगच वजन वाढवावे, आणि तेही थोडे. पहिल्या दोन महिन्यांत वजन वाढवण्यापेक्षा गती मंद ठेवण्यावर भर द्यावा, कारण तो काळ कंडरेला दिलेला काळ असतो. श्वास कोंडून जोर करू नये. उच्च रक्तदाब, अर्श, अंत्रवृद्धी आणि काचबिंदू असणाऱ्यांना हे दहा वेळा बजावावे. अजीर्ण असताना, ज्वरातून नुकताच उठल्यावर, वातपित्ताने पीडित असताना व्यायाम नाहीच.

पाचशे, हजार दंडांच्या गोष्टी आमच्या लहानपणी आखाड्यात सांगितल्या जात. ते पहिलवान तेथपर्यंत अनेक वर्षांत पोहोचलेले असत, हे सांगणारा विसरे आणि ऐकणाराही. २०२४ च्या उन्हाळ्यात भरतीची तयारी करणारा एक मुलगा मित्रांच्या पैजेने एका सकाळी तीनशेहून अधिक दंड काढून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे आला. दोन्ही दंड दगडासारखे घट्ट, कोपर सरळ होईना, आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. त्याला आम्ही औषध दिले नाही. पाणी पाजून त्याच तासाला गाडीने अमरावतीला रवाना केले. पेशी फुटून तिच्यातील द्रव्ये रक्तात उतरली की वृक्क निकामी होऊ शकतात. शिरेतून पुष्कळ द्रव दिल्यावर तो चार दिवसांत घरी परतला. अतिव्यायामाच्या उपद्रवांत संहितांनी क्षय, तृष्णा, प्रतमक, रक्तपित्त, ज्वर, छर्दी यांची गणना केली आहे. सिंह हत्तीला ओढण्याच्या अतिसाहसाने स्वतःच नष्ट होतो, तो दृष्टांतही तेथलाच. व्यायामानंतर काळसर लघवी, ही खूण प्रत्येक वैद्याने व प्रत्येक औषधविक्रेत्याने ओळखली पाहिजे. अशा माणसाला वेदनाशामक गोळी देणे वृक्कांवर दुसरा आघात करण्यासारखे आहे.

आमची चूक

आता ती हकीगत. २०२२ च्या पावसाळ्यात वखारीत काम करणारा सत्तावीस वर्षांचा एक तरुण कोपराच्या मागे दुखते म्हणून आला. बेंच प्रेस करताना ‘काही तरी चटकले’ असे त्याने सांगितले. दंडाच्या खालच्या भागावर शोथ होता, काळे-निळे पडले होते. आम्ही हात हलवून पाहिला. कोपर वाकत होते आणि टेबलावर ठेवलेला हात सरळही होत होता. स्नायुगत वात समजून लेप, महानारायण तेल, हलका बंध, योगराज गुग्गुळ अशी चिकित्सा सुरू केली. सूज उतरली, वेदना कमी झाली, आम्ही समाधानी झालो. वीस दिवसांनी तो म्हणाला, ‘दुखत नाही, पण डोक्यावर हात नेला की तो डोक्यावर पडतो.’ तेव्हा आम्ही प्रथमच त्याचा हात वर करून कोपर सरळ करायला सांगितले. ते झाले नाही. कोपराच्या टोकाच्या वर बोट ठेवले तर तेथे खड्डा लागला. क्ष-किरण चित्रात हाडाची एक पातळ कपची वर सरकलेली दिसली. कंडरा तुटली होती.

टेबलावर हात सरळ झाला, कारण तेथे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध काम नव्हते. शिवाय कंडरा पूर्ण तुटली तरी बाजूचे पडदे आणि कोपराजवळची छोटी पेशी थोडे बळ देत राहतात, म्हणून फसगत होते. शस्त्रक्रिया झाली, परंतु कंडरा आखडून वर गेली होती आणि शल्यविशारदांनी स्पष्टच सांगितले की पहिल्या दोन आठवड्यांत आला असता तर काम पुष्कळ सोपे झाले असते. आज तो सर्व कामे करतो, पण कोपर शेवटच्या काही अंशांत सरळ होत नाही. हा दोष आमचा आहे, औषधांचा किंवा शास्त्राचा नाही. आणि मर्माच्या आघाताविषयीची वचने आम्हांला पाठ होती.

तेव्हापासून कोपरामागच्या दुखापतीत आम्ही तेल लावण्यापूर्वी एक परीक्षा करतो. रुग्णाचा दंड खांद्याच्या उंचीवर बाजूला आधार देऊन धरावा, हात कोपरापासून खाली लोंबू द्यावा आणि आधाराशिवाय सरळ करायला सांगावे. झाले नाही, किंवा दुसऱ्या बाजूच्या तुलनेत स्पष्ट दुबळे वाटले, तर मर्दन नाही, स्वेदन नाही. हात झोळीत घालून, चित्र काढून, शल्यविशारदाकडे. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे.

चूर्ण, भुकटी आणि सुई

त्या तरुणाने शस्त्रक्रियेनंतर आणखी एक गोष्ट सांगितली, जी आम्ही विचारली नव्हती. तीन महिने तो ‘साइजची सुई’ घेत होता. त्रिशिरस्केची कंडरा तुटणे हा एरवी विरळा प्रकार. तो ज्यांच्यात वारंवार आढळला आहे त्यांत जड वजन उचलणारे आणि अॅनाबॉलिक स्टेरॉइड घेणारे हे ठळक आहेत. औषधाने पेशी झपाट्याने वाढते, कंडरा तिच्या वेगाने वाढत नाही.

‘स्टेरॉइड’ या एका शब्दाखाली दोन वेगळी द्रव्ये विकली जातात, हे औषधालयाच्या मालकांनी नीट ध्यानात घ्यावे. नॅन्ड्रोलोनसारखी अॅनाबॉलिक द्रव्ये पेशी वाढवतात. त्यांची किंमत वृषणांचा संकोच, शुक्रक्षय, पुरुषाच्या छातीची वाढ, यकृताची विकृती, हृद्रोग अशी चुकवावी लागते. दुसरी डेक्सामेथासोनसारखी. ती पेशी वाढवीत नाहीत, उलट हातापायांचे मांस झिजवतात. मात्र भूक भडकते, पाणी साठते, चेहरा गोल होतो आणि वजनकाट्यावर चार किलो दिसतात. ‘पंधरा दिवसांत वजन वाढवा’ अशा बिननावाच्या चूर्णांत भेसळ होते ती बहुधा दुसऱ्या प्रकारची. असे चूर्ण महिनोन्महिने घेतलेला रुग्ण आला तर ‘आजच बंद कर’ असे एकदम सांगू नये. अधिवृक्क ग्रंथी मंदावलेली असल्यास अचानक बंद करण्याने प्राणावर बेतू शकते. रक्तदाब व साखर तपासून तज्ज्ञाकडे पाठवावे. अलीकडे मेफेन्टरमीन या, भूल देताना रक्तदाब सावरण्यासाठी वापरण्याच्या इंजेक्शनचा व्यायामशाळांत दुरुपयोग होत असल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार येतात. ते चिठ्ठीशिवाय मागणारा दणकट मुलगा तुमच्या दुकानात आला तर तो रुग्ण आहे असे समजून त्याच्याशी बोलावे.

आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीला परवान्याची अट नाही. ही आपल्या व्यवसायावर टाकलेली श्रद्धा आहे, आणि तिचा गैरफायदा घेणारे आपल्याच नावाने व्यवसाय करतात. उत्पादन परवाना क्रमांक, घटकांची यादी, तुकडीचा क्रमांक नसलेला डबा शेल्फवर ठेवू नये. कुपीलूयुक्त गोळ्या ‘ताकदीच्या’ म्हणून हातोहात विकल्या जातात. कुपीलू अनुसूची ई(१) मधील विषद्रव्य आहे आणि वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना लेबलवर असते ती विक्रेत्यानेही वाचायची असते.

मग आपण द्यावे काय? अश्वगंधेविषयी समाधानकारक पुरावा आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वानखेडे व सहकाऱ्यांच्या अभ्यासात ५७ पुरुषांना ८ आठवडे व्यायाम दिला. त्यांतील ज्यांना मूळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा मिळाला त्यांच्या बाहूचा आकार आणि बळ तुलनेच्या गटापेक्षा अधिक वाढले. दोन्ही गट व्यायाम करीत होते, हे विसरू नये. मूळच वापरावे, पानांचा वापर टाळण्याविषयी आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये सूचना दिली आहे. यकृतविकार किंवा थायरॉइडची औषधे चालू असणाऱ्याला विचारल्याशिवाय देऊ नये. स्पर्धेत उतरणाऱ्या मल्लाला बलायुक्त कल्प देताना तो उत्तेजक-चाचणीला सामोरा जाणार आहे का, हे विचारावे. बलेत एफेड्रीनवर्गीय द्रव्ये अल्प प्रमाणात असल्याच्या नोंदी आहेत आणि एफेड्रीन ठराविक मर्यादेपलीकडे स्पर्धाकाळात निषिद्ध आहे.

आणि मांसाने मांस वाढते, हा सामान्य-विशेषाचा सिद्धांत. शाकाहारी घरात त्याचा अर्थ डाळ, दूध, दही, पनीर, शेंगदाणे, सोयाबीन. सामान्य प्रौढाची गरज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दर किलो वजनाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने अशी २०२० मध्ये सांगितली. पेशी वाढवू पाहणाऱ्याला साधारण १.६ ग्रॅमपर्यंत लाभ होतो, त्यापुढे फारसा नाही. साठ किलोच्या मुलाला शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर. एक डबा भुकटीच्या किमतीत किती तुरीची डाळ आणि अंडी येतात, याचा हिशेब आम्ही रुग्णाच्या पुढ्यात कागदावर मांडतो. अग्नी मंद असेल तर आधी दीपन-पाचन, नंतर बृंहण. हे वैद्यांना सांगायला नको.

व्यायामानंतर सर्वांगाचे सुखकर मर्दन संहितेने सांगितले आहे. तिळाचे तेल, दंडावर खांद्याच्या दिशेने, कोपराच्या टोकावर मात्र जोर न देता. निरोगी कोपराला पाच मिनिटे पुरेत.

आमच्या रुग्णपत्रिकेत आता ‘व्यायाम’ या रकान्याखाली चार ओळी छापून घेतल्या आहेत. कोणता व्यायाम, किती वजन, कोणत्या वेळी, आणि डबा, भुकटी, सुई यांपैकी काय चालू आहे. शेवटची ओळ आम्ही नातेवाइकांना बाहेर बसवून भरतो. वखारीतला तो तरुण दर दोन महिन्यांनी दाखवायला येतो. सध्या तो दीड किलोचे मुद्गल एकेका हाताने फिरवतो आणि शस्त्रक्रियेच्या हाताचा घेर दुसऱ्या हातापेक्षा एक सेंटिमीटरने कमी आहे.